ब्राउझरची निवड : खिडकीचा पडदा आणि दाराचे कुलूप

पनवेल : नवीन पनवेलमध्ये राहणारे आमच्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ काही काळापूर्वी गुडघेदुखीने त्रस्त होते. एका संध्याकाळी त्यांनी भ्रमणध्वनीवर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेविषयी थोडी माहिती वाचली. दुसऱ्या दिवसापासून त्यांना वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर गुडघ्याचे पट्टे, पाककृतीच्या पानावर सांधेदुखीचे तेल आणि प्रवासाच्या माहितीशेजारी उपचारांसाठी कर्ज देणाऱ्यांच्या जाहिराती दिसू लागल्या. जे दुखणे आपण घरच्यांनाही पुरते सांगितले नव्हते, ते या साऱ्यांना कोणी सांगितले, असा प्रश्न त्यांना पडला. "आजोबा, मी तुम्हाला दुसरा ब्राउझर घालून देतो," असे म्हणून नातवाने एक पर्यायी ब्राउझर बसवून दिला. मागे लागलेल्या जाहिराती थांबल्या आणि गृहस्थ निश्चिंत झाले.

तीन महिन्यांनंतर त्याच ब्राउझरमध्ये त्यांनी एका कुरिअर सेवेचा ग्राहक साहाय्य क्रमांक शोधला. जो क्रमांक सर्वांत वर दिसला, त्यावर त्यांनी फोन केला. पलीकडच्या नम्र आवाजाने त्यांना एक ॲप डाउनलोड करावयास सांगितले, आणि अर्ध्या तासात दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढी रक्कम खात्यातून नाहीशी झाली. त्यांच्या मुलीने विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविल्यामुळे रकमेचा काही भाग गोठविता आला. उरलेला गेला तो गेलाच. भेटीत ते आम्हाला म्हणाले, "पण तो ब्राउझर तर सुरक्षित होता ना?"

या एका प्रश्नाने आम्हाला प्रस्तुत लेख लिहावयास प्रवृत्त केले. वीजबिल, मालमत्ता कर, रेल्वेचे आरक्षण, मुलांचे प्रवेशअर्ज, आखातात असलेल्या मुलाने पाठविलेल्या पैशांची चौकशी अशी कितीतरी कामे आज ब्राउझरच्या खिडकीतून होतात. ज्या साधनाने आपण महाजालावरील पाने उघडतो, ते साधन आपल्याविषयी काय जाणते, कोणाला सांगते आणि आपले रक्षण कितपत करते, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

दोन निराळे प्रश्न

खासगीपणा आणि सुरक्षितता हे दोन शब्द बहुधा एका दमात उच्चारले जातात. वस्तुतः त्या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपण काय वाचतो, काय शोधतो, कोठे जातो हे आपल्या संमतीवाचून इतरांना न कळणे म्हणजे खासगीपणा. आपल्या उपकरणात, खात्यात आणि पैशांत परक्याचा शिरकाव न होणे म्हणजे सुरक्षितता. पहिली गोष्ट खिडकीच्या पडद्यासारखी आहे, दुसरी दाराच्या कुलपासारखी. जाड पडदे लावलेल्या घराचे दार सताड उघडे असू शकते. आणि भक्कम कुलूप घातलेल्या घराच्या खिडक्यांतून आतील सारे दिसू शकते.

ज्यांच्यापासून आपण सावध राहावयाचे, ते लोकही निराळे आहेत. जाहिरात कंपनीला आपले पैसे चोरावयाचे नसतात. तिला आपल्या सवयी हव्या असतात. भामट्याला आपल्या सवयींशी कर्तव्य नसते; त्याला आपला पासवर्ड हवा असतो. उपरोक्त गृहस्थांना नातवाने चांगला पडदा लावून दिला होता. तो पडदा आपले काम चोख करीत होता. परंतु पडदा म्हणजेच कुलूप, असा समज त्यांनी करून घेतला, आणि अखेर दार त्यांनी स्वतःच्याच हाताने उघडले.

माग कसा काढला जातो

१९९० साली सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला ब्राउझर तयार केला. त्या काळी एखादे पान मागवावे, ते वाचावे, एवढाच व्यवहार होता. एक पान उघडणारा आणि दुसऱ्या क्षणी दुसरे पान उघडणारा मनुष्य एकच आहे, हे संकेतस्थळाला ओळखता येत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी 'कुकी' ही युक्ती योजिली. सायकल स्टँडवर सायकल ठेवताना मिळणाऱ्या बिल्ल्यासारखी ती असते. बिल्ला दाखविला की स्टँडवाला आपली सायकल ओळखतो. खरेदीची यादी लक्षात राहणे, एकदा प्रवेश केल्यावर पुन्हा पुन्हा पासवर्ड न मागणे, या सोयी कुकीमुळेच शक्य झाल्या.

दोष बिल्ल्यात नाही. समजा, स्थानकावरील, बाजारातील आणि रुग्णालयाबाहेरील अशा तिन्ही स्टँडचा ठेका एकाच मनुष्याकडे आहे आणि तो सर्वत्र आपला तोच बिल्ला पाहून वेळ लिहून ठेवतो. महिन्याभरात आपला दिनक्रम, आपली खरेदी आणि आपले आजारपण हे सारे त्याच्या वहीत जमा होईल. महाजालावरील जाहिरात कंपन्या हेच करतात. आपण उघडलेल्या पानाच्या मालकाव्यतिरिक्त इतरांनी ठेवलेल्या अशा कुकींना 'त्रयस्थ कुकी' म्हणतात. गुडघेदुखीची वार्ता पाककृतीच्या पानापर्यंत पोहोचते ती प्रामुख्याने अशा मार्गांनी.

दुसरा मार्ग अधिक सूक्ष्म आहे. पडद्याचा आकार, टंकांची यादी, भाषा, वेळेचा पट्टा, ब्राउझरची आवृत्ती असे अनेक तपशील संकेतस्थळाला सहज वाचता येतात. एकेका तपशिलाने काहीच कळत नाही, परंतु सर्वांची गोळाबेरीज बहुधा एकमेव ठरते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकेतील संस्थेने २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, तेव्हा त्यांपैकी जवळजवळ ८४ टक्के ब्राउझरांचा ठसा इतर कोणाशीही जुळला नाही. हा बोटांच्या ठशासारखा प्रकार असल्याने कुकी पुसून तो पुसला जात नाही.

तिसरा मार्ग म्हणजे खुद्द ब्राउझरच. आपण अक्षरे टंकित करीत असतानाच काही ब्राउझर ती आपल्या निर्मात्याकडे पाठवितात. डब्लिन येथील ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक डग्लस लीथ यांनी २०२० मध्ये सहा ब्राउझर आपल्या निर्मात्याशी काय बोलतात, याची तपासणी केली. मूळ स्थितीतील ब्रेव्ह हा त्यांत सर्वांत खासगी आढळला. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी हे मधल्या गटात होते. एज आणि यांडेक्स हे उपकरणाशी निगडित अशी टिकाऊ ओळख पाठवीत असल्याने शेवटच्या गटात आले. ही तपासणी त्या वेळच्या आवृत्त्यांची होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे; परंतु ब्राउझर स्वतःही बोलका असू शकतो, हा तिचा धडा आजही लागू आहे.

पडद्याच्या दृष्टीने तुलना

गूगलचा क्रोम २००८ मध्ये आला आणि आज तो जगात सर्वाधिक वापरला जातो. त्रयस्थ कुकी बंद करण्याची घोषणा गूगलने जानेवारी २०२० मध्ये केली होती. ती अनेकदा लांबणीवर पडली आणि अखेर २०२५ मध्ये कंपनीने तो बेत सोडून दिला. सबब क्रोममध्ये नेहमीच्या वापरात त्रयस्थ कुकींना मुळातच मुभा असते. वापरणाऱ्याने सेटिंग्जमध्ये जाऊन ती बंद करावी लागते. ज्या कंपनीचे प्रमुख उत्पन्न जाहिरातींचे आहे, तिच्या ब्राउझरकडून याहून निराळी अपेक्षा ठेवणे कठीण आहे.

ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकी सरसकट अडविल्या. आयफोन वापरणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. भारतातील आयफोनवर कोणताही ब्राउझर घेतला तरी पान उभे करणारे आतील यंत्र सफारीचेच असते. त्यामुळे तेथे ब्राउझर बदलल्याने पडदा बदलतो, कुलूप तेच राहते.

मोझिला या संस्थेचा फायरफॉक्स २००४ पासून आहे आणि तो मराठीतूनही वापरता येतो. माग काढणाऱ्या ज्ञात कुकी त्याने सप्टेंबर २०१९ पासून मूळ स्थितीतच अडविण्यास आरंभ केला. २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी स्वतंत्र बरणीत ठेवण्याची व्यवस्था त्याने संगणकावरील सर्वांसाठी लागू केली. म्हणजे ठेकेदार तोच असला तरी प्रत्येक स्टँडवर बिल्ला निराळा. मात्र मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलला शोधयंत्र म्हणून अग्रस्थान देण्याच्या करारातून येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी वापराच्या अटी बदलल्या तेव्हा वापरकर्त्यांनी तीव्र नापसंती दर्शविली, आणि संस्थेला शब्दरचना सुधारावी लागली.

ब्रेव्ह हा ब्रेंडन आइक आणि ब्रायन बाँडी यांनी २०१५ मध्ये स्थापिलेल्या कंपनीचा ब्राउझर. तो क्रोमच्याच मुक्त पायावर, म्हणजे क्रोमियमवर, उभा आहे. परंतु जाहिराती आणि माग काढणारी साधने मुळातच अडवितो आणि उपरोक्त ठसाही अस्पष्ट करतो. त्याच्याही हातून चूक घडली. २०२० मध्ये काही आभासी चलनांच्या व्यापारी संकेतस्थळांचे पत्ते टंकित करताना त्यात कंपनीला मोबदला मिळवून देणारा जोड आपोआप घातला जात असल्याचे उघड झाले. कंपनीने चूक मान्य करून ती सुधारली.

डकडकगो हे नाव शोधयंत्र म्हणून अनेकांना परिचित आहे. त्यांचा भ्रमणध्वनीवरील ब्राउझर साधा असून एका बटणाने सर्व नोंदी पुसतो. तथापि, मायक्रोसॉफ्टबरोबरच्या करारामुळे इतर संकेतस्थळांवरील मायक्रोसॉफ्टच्या काही माग-साधनांना तो वाट देत असल्याचे मे २०२२ मध्ये निदर्शनास आले. टीकेनंतर त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती वाट बहुतांशी बंद करण्यात आली.

सर्वांत जाड पडदा टॉर ब्राउझरचा. आपली मागणी तो जगभरातील स्वयंसेवकांच्या तीन संगणकांमधून, थरावर थर चढवून पाठवितो. परिणामी आपण कोण हे संकेतस्थळाला कळत नाही, आणि आपण कोठे जातो हे इंटरनेट पुरविणाऱ्याला कळत नाही. पत्रकार आणि दडपशाहीखाली राहणारे लोक यांना तो मोलाचा वाटतो. परंतु त्याची गती मंद असते. शिवाय बँकेच्या खात्यात परदेशातून कोणी शिरत आहे असे भासून खाते तात्पुरते रोखले जाण्याचा संभव असतो. घरगुती बँक व्यवहारांसाठी तो योग्य साधन नव्हे.

कुलपाच्या दृष्टीने तुलना

येथपर्यंत वाचून सर्वांत जाड पडदा तोच सर्वोत्तम ब्राउझर, असा निष्कर्ष कोणी काढील. आता दुसरी बाजू पाहू.

ब्राउझर हा लक्षावधी ओळींचा कार्यक्रम आहे, आणि त्यात दोष सापडत राहणे अटळ आहे. दोष सापडल्यापासून दुरुस्ती आपल्या उपकरणापर्यंत किती लवकर पोहोचते, ही सुरक्षिततेची पहिली कसोटी होय. क्रोमने ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला देण्यास प्रारंभ केला. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सारे क्रोमियमवरच आधारलेले असल्याने क्रोममधील दोष बहुधा त्यांच्यातही असतो, आणि मूळ दुरुस्ती आल्यावर तिचा अवलंब प्रत्येकाला स्वतंत्रपणे करावा लागतो. मोठ्या कंपन्या हे काही दिवसांत करतात. एखादा छोटा गट किंवा हौशी मंडळी महिनोन्‌महिने मागे राहिली, तर त्यांच्या ब्राउझरचा दोष आता सर्वांना ठाऊक असतो आणि दुरुस्ती मात्र झालेली नसते. अशा वेळी खासगीपणाच्या कितीही घोषणा केल्या तरी दाराचे कुलूप गंजलेलेच राहते.

दुसरी कसोटी भिंतींची. एका टॅबमध्ये बँक आणि दुसऱ्यात अनोळखी पान उघडे असेल, तर एकाला दुसऱ्यातील मजकूर वाचता येऊ नये. यासाठी प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र कप्प्यात चालविण्याची रीत क्रोमने २०१८ मध्ये संगणकावर सर्वांसाठी लागू केली. फायरफॉक्सने ती २०२१ च्या अखेरीस आणली. म्हणजे या बाबतीत पडद्यात मागे असलेला क्रोम कुलपात पुढे होता.

तिसरी कसोटी पहारेकऱ्याची. फसव्या आणि घातक पत्त्यांची एक यादी गूगल सतत अद्ययावत करीत असते. क्रोमबरोबरच फायरफॉक्स, सफारी आणि ब्रेव्ह हेही तिचा उपयोग करून आपल्याला लाल रंगाचा इशारा देतात. आता येथेच पडदा आणि कुलूप यांचा झगडा उभा राहतो. गूगलशी कोणताच संबंध नको, या तत्त्वाने चालणारे काही ब्राउझर ही यादीही काढून टाकतात. फायरफॉक्सवर आधारलेला लिब्रवुल्फ ती मूळ स्थितीत बंद ठेवतो. अनगूगल्ड क्रोमियममधून ती वगळलेलीच आहे. संगणकाची जाण असलेल्या मनुष्याने हा निर्णय विचारपूर्वक घेतला तर त्यात वावगे नाही. परंतु हाच ब्राउझर आपण वृद्ध आईवडिलांना "हा जास्त सुरक्षित" असे सांगून बसवून दिला, तर पडदे जाड करताना दारावरचा पहारेकरी आपणच घरी पाठविला, असे होईल.

भारताचा अनुभव

आपल्या देशाने या दोन्ही बाजू अनुभवल्या आहेत. काही वर्षांपूर्वी मंद गतीच्या जोडणीवर भ्रमणध्वनी वापरणाऱ्यांत यूसी ब्राउझर अतिशय लोकप्रिय होता. पाने आकुंचित करून डेटा वाचविणे हे त्याचे आकर्षण होते. मे २०१५ मध्ये टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने त्याची तपासणी प्रसिद्ध केली. त्याच्या चिनी आवृत्तीतून उपकरणाची ओळख आणि ठिकाण, तर इंग्रजी आवृत्तीतून आपण शोधलेले शब्द पुरेसे कूटबद्ध न करता पाठविले जात असल्याचे तीत आढळले. वाटेत कोणीही ते वाचू शकला असता. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲप्समध्ये यूसी ब्राउझरचा समावेश होता. ज्याने डेटाचे चार पैसे वाचविले, त्याने त्या मोबदल्यात काय घेतले, हे वापरणाऱ्यांना पुष्कळ उशिरा कळले.

दुसरी घटना जुलै २०१४ ची असून ती कुलपाविषयी आहे. एखादे संकेतस्थळ खरोखर त्याच संस्थेचे आहे, याची ग्वाही देणारी डिजिटल प्रमाणपत्रे असतात, आणि कोणाची प्रमाणपत्रे मानावयाची याची यादी ब्राउझरकडे अथवा संगणकाच्या कार्यप्रणालीकडे असते. आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या काही पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे २ जुलै रोजी गूगलच्या लक्षात आले. विंडोजच्या यादीत भारतीय नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र असल्याने विंडोजवरील इंटरनेट एक्स्प्लोरर आणि क्रोम यांना धोका होता. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र होती आणि तीत हे मूळ प्रमाणपत्र नव्हते. सबब त्याला झळ पोहोचली नाही. भारतीय नियंत्रकाने दुसऱ्याच दिवशी संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली. संगणक तोच, पत्ता तोच, परंतु ब्राउझर निराळा म्हणून धोका निराळा, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडते.

स्वदेशी ब्राउझरचे प्रयत्नही झाले आहेत. बेंगळुरूच्या हिडन रिफ्लेक्स कंपनीने २०१० मध्ये एपिक हा ब्राउझर आणला आणि २०१३ मध्ये त्याला खासगीपणा जपणाऱ्या ब्राउझरचे नवे रूप दिले. ऑक्टोबर २०२० मध्ये जिओने मराठीसह आठ भारतीय भाषांत जिओपेजेस सादर केला. पनवेलहून ठाण्याकडे जाणारी लोकल ज्या घणसोलीला थांबते, तेथेच या समूहाचे विस्तीर्ण कार्यालय आहे. चेन्नईच्या झोहो कंपनीने २०२३ मध्ये 'उला' हा क्रोमियमवर आधारित ब्राउझर आणला. केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने त्याच वर्षी स्वदेशी ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली होती. तिचे १ कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मार्च २०२५ मध्ये झोहोला मिळाले. भारतीय मूळ प्रमाणपत्रावर विश्वास ठेवणे, ही त्या स्पर्धेतील एक अट होती. स्वावलंबनाची इच्छा स्तुत्यच आहे. तथापि २०१४ चा धडा असा की, प्रमाणपत्र देणारी यंत्रणा स्वदेशी असो वा परदेशी, तिचा कारभार चोख असला तरच कुलूप भक्कम. देशाचे नाव ही कसोटी नव्हे. दुरुस्ती किती वेगाने येते, माहिती कोठे साठविली जाते आणि उत्पन्न कोठून येते, हेच प्रश्न स्वदेशी ब्राउझरलाही विचारले पाहिजेत.

कायद्याची स्थितीही थोडक्यात सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. वैयक्तिक विदेच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरील मुख्य बंधने लागू होण्यास त्यात अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. कायदा आला तरी घराचे दार लावण्याचे काम घरातल्यांचेच राहते.

तीन गैरसमज

पहिला गैरसमज 'इन्कॉग्निटो' अथवा खासगी खिडकीविषयी. या खिडकीत आपण काय पाहिले याची नोंद आपल्या उपकरणावर राहत नाही, इतकेच. संकेतस्थळ, इंटरनेट पुरविणारी कंपनी आणि कार्यालयाची यंत्रणा यांना ती दिसू शकते. याच विषयावर अमेरिकेत गूगलविरुद्ध २०२० मध्ये खटला दाखल झाला. २०२४ मधील तडजोडीत गूगलने जुन्या नोंदी नष्ट करण्याचे आणि वापरणाऱ्यांना स्पष्ट सूचना देण्याचे मान्य केले. सायबर कॅफे किंवा झेरॉक्सच्या दुकानातील सार्वजनिक संगणकावर मात्र ही खिडकी अवश्य वापरावी; तिचा खरा उपयोग तेथेच आहे.

दुसरा गैरसमज पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाविषयी. ते चिन्ह एवढेच सांगते की, आपण आणि संकेतस्थळ यांच्यामधील मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही. पलीकडचा मनुष्य सज्जन आहे, असे ते सांगत नाही. भामटेही आपल्या संकेतस्थळाला हे चिन्ह सहज मिळवितात. या गैरसमजामुळेच क्रोमने २०२३ मध्ये कुलपाचे चिन्ह काढून दुसरे चिन्ह घातले.

तिसरा गैरसमज आमच्या परिचित गृहस्थांचा. शोधात वर दिसणारी गोष्ट खरी असते, आणि चांगला ब्राउझर खोटी गोष्ट दाखविणारच नाही, असे त्यांना वाटले. ब्राउझर पत्ता तपासू शकतो. पानावर छापलेला दूरध्वनी क्रमांक कोणाचा आहे, हे तो तपासू शकत नाही. आणि एकदा आपण फोन उचलून बोलू लागलो की, ब्राउझर त्या संभाषणाबाहेर असतो.

मग काय करावे?

कामानुसार ब्राउझर वाटून घ्यावेत, असे आमचे मत आहे. बँक, शासकीय कामे आणि तिकिटे यांसाठी ज्याच्या दुरुस्त्या त्वरित येतात असा एक मोठा ब्राउझर ठेवावा. त्यात अन्य काहीही उघडू नये, अनावश्यक जोड-साधने घालू नयेत आणि त्रयस्थ कुकी बंद कराव्यात. वाचन, आजारांची माहिती, खरेदीची चौकशी यांसाठी फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह यांसारखा पडदा जपणारा ब्राउझर वापरावा. अशी विभागणी केल्यास बँकेच्या ब्राउझरला आपले दुखणे कळत नाही, आणि वाचनाच्या ब्राउझरपाशी बँकेची किल्ली नसते.

दुरुस्त्या आपोआप घेण्याची सोय सुरू आहे ना, हे घरातील प्रत्येक उपकरणावर पाहावे. विंडोज ७ साठी क्रोमच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासून बंद झाल्या, आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. कपाटावरचा जुना संगणक मुलांच्या अभ्यासाला चालेल, पैशांच्या व्यवहाराला चालणार नाही.

बँकेचा पत्ता नीट वाचावा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांनी ऑक्टोबर २०२५ अखेर आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर नेणे अपेक्षित होते, आणि हा शेवट केवळ बँकांनाच मिळतो. पासवर्ड ब्राउझरमध्ये किंवा विश्वासू पासवर्ड-व्यवस्थापकात साठविला असेल, तर आणखी एक लाभ होतो. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर पत्ता निराळा असल्याने तो आपोआप भरला जात नाही. नेहमी भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर चिडून तो हाताने भरू नये. तेथेच थांबून पत्ता पाहावा.

साहाय्य क्रमांक शोधयंत्रात शोधू नये. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागे असतो, कुरिअरचा पावतीवर असतो. फोनवरील कोणाच्याही सांगण्यावरून ॲप डाउनलोड करू नये. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० वर कळवावे. पहिल्या तासातील तक्रारीवर पुष्कळ काही अवलंबून असते.

गेल्या भेटीत त्या गृहस्थांनी आम्हाला आपला भ्रमणध्वनी दाखविला. पर्यायी ब्राउझर त्यांनी काढून टाकलेला नाही, आणि तो काढण्याचे कारणही नव्हते. गुडघ्याविषयी ते आजही त्यातच वाचतात. शेजारी बँकेसाठी दुसरा ब्राउझर आहे. आणि टेबलाच्या काचेखाली, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा ठळक अक्षरांत, मुलीने लिहून ठेवलेले तीन क्रमांक आहेत : बँकेचा, तिचा स्वतःचा आणि १९३०. वाचकांनीही आपापल्या घरातील ज्येष्ठांजवळ बसून पडदा कोणता आणि कुलूप कोणते, हे एकदा समजावून सांगावे, अशी आमची विनंती आहे.